चौदावा दगड

२०२२च्या जुलैमध्ये कॅनडातल्या वॉटरटन राष्ट्रीय उद्यानातल्या गावी तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात आम्ही तंबू ठोकला, तेव्हा दुपार अगदी शांत होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास दक्षिणेकडून, म्हणजे तळ्याचे जे टोक अमेरिकेच्या हद्दीत आहे तिकडून, वारा सुटला आणि बघता बघता तंबूचे कापड शिडासारखे फुगले. हे गाव कॅमेरॉन ओढ्याने वाहून आणलेल्या गोट्यांच्या थरावर वसलेले आहे, त्यामुळे तिथे खुंट्या चार बोटांपेक्षा खोल जात नाहीत. एकेक खुंटी उपसून निघत होती, तणावे फटकारे मारत होते आणि मी व माझा नवरा दोन बाजूंनी कापड आवळून उभे होतो. सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे कॅल्गरीला आलेली माझी एकाहत्तर वर्षांची आई काही न बोलता पाण्याच्या कडेला गेली आणि साडीच्या ओच्यात दगड भरून घेऊन आली. तंबूच्या घेराभोवती तिने ते मांडले. वाऱ्याच्या अंगाला जवळजवळ, आडोशाच्या अंगाला विरळ. तिच्या तीन खेपांत तेरा दगड झाले. पुरता काळोख पडल्यावर एका कोपऱ्याची फडफड थांबेना म्हणून मी बॅटरी न घेताच गेले आणि हाताला लागला तो एक मोठा दगड उचलून आणला. तो चौदावा. तंबू रात्रभर थरथरत राहिला, पण जागचा हलला नाही.

सकाळी उद्यानाची एक तरुण कर्मचारी फेरीवर आली. रात्रीच्या वाऱ्याची तिने आपुलकीने चौकशी केली आणि मग तितक्याच सौम्यपणे सांगितले की, निघण्यापूर्वी हे दगड जिथून उचलले तिथे परत ठेवावेत, कारण उद्यानातली कोणतीही नैसर्गिक वस्तू जागेवरून हलवायची नसते. मला शरम वाटली आणि थोडा रागही आला. आईला मी तिचे बोलणे मराठीत सांगितले, तेव्हा वाटले होते की ती दुखावेल, पण ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं. आपली का जागा आहे ही?" आणि चहा संपवून ती कामाला लागली. वॉटरटनचे दगड रंगीत असतात, काही विटेसारखे तांबडे तर काही शेवाळी हिरवे. दीडशे कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलातले लोह जिथे गंजले तिथे दगड लाल झाला आणि जिथे गंजले नाही तिथे हिरवा राहिला. आईला यातले काही ठाऊक नव्हते, मात्र प्रत्येक दगडाची जागा तिला ठाऊक होती. काठावरच्या गोट्यांमध्ये दगड उचललेला खळगा ओलसर आणि गडद दिसत होता. ती वाकून खळगा शोधायची, दगडाची ओली बाजू कोणती ते बोटांनी चाचपायची आणि तो तसाच्या तसा बसवायची. तेरा दगड आपापल्या घरी गेले. चौदावा मी हातात घेऊन काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, पण मी तो कुठून उचलला हे मला आठवेना. शेवटी पाण्याजवळ एका बऱ्याशा जागी तो ठेवला. आईने मान हलवली. "ही त्याची जागा नव्हे," ती म्हणाली आणि तंबूची घडी घालायला निघून गेली.

हे वाक्य माझ्या मनात अजून टोचत राहिले आहे.

आईला तंबूत राहायला नेण्याची कल्पना माझी होती आणि पहिल्यांदा ती ऐकल्यावर आईने जे विचारले, त्याचे उत्तर मला नीट देता आले नव्हते. "घरदार असताना पालात निजायचं कशाला गं?" सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही वाढलो, वडील तिथे कारकून होते. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की वसाहतीच्या कुंपणापलीकडच्या माळावर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहत. बांबूच्या कमानी, त्यांवर पाचट, त्यावर फाटका ताडपत्रीचा तुकडा आणि कापड उडू नये म्हणून भोवती दगड. पहाटेच्या काळोखात कोयते आणि बैलगाड्या निघाल्याचा आवाज आमच्या अंथरुणात ऐकू येई. माझ्याच वयाची एक मुलगी आमच्या नळावर पाणी भरायला येत असे. एकदा तिच्या कोपीत मी वाकून शिरले होते, तेव्हाचा धुराचा, सुक्या पाचटाचा आणि तान्ह्या बाळाच्या अंगाचा एकत्र वास मला आजही ओळखता येईल. दाराला पडदा म्हणून लावलेली साडी माझ्या आईची होती. उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले, की दोन दिवसांत सगळा माळ रिकामा होई. मग आम्ही मुले तिथे फिरत असू. चुलींचे काळे डाग, दगडांच्या वेड्यावाकड्या रांगा, मध्येच बांगडीचा तुकडा. कोणाची कोपी कुठे होती हे त्या दगडांवरूनच कळायचे. आमच्या बोलण्यात पाल आणि कोपी हे शब्द नेहमी नाइलाजाच्याच सोबतीने येत, आणि त्याच घरातली मी परदेशात येऊन, पैसे मोजून, वर्षातल्या दहा-बारा रात्री कापडाखाली काढायची वाट पाहते, हे आईला विचित्र वाटले असेल तर त्यात तिची चूक नव्हती.

वाट पाहणे तर जानेवारीपासूनच सुरू होते. बाहेर उणे पंचवीस, खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी, आणि आम्ही सकाळी आठाच्या ठोक्याला जुलै-ऑगस्टमधल्या जागा मिळवण्यासाठी संगणकासमोर बसलेलो असतो. पडद्यावर आपल्यापुढे किती हजार माणसे रांगेत आहेत, तो आकडा दिसतो. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या टू जॅक तळ्याकाठच्या जागा बहुतेक वेळा आमचा क्रमांक येण्याआधीच संपलेल्या असतात. पूर्वी मला याचे फार वाईट वाटायचे. आता वाटत नाही. डोंगरांमधल्या नावाजलेल्या ठिकाणी मी राहिले आहे आणि त्यांचे सौंदर्य मी नाकारत नाही, परंतु तिथे सगळे आधीच चित्रांत पाहिलेले असते आणि आपण फक्त ते पडताळून पाहतो. लेक लुईसच्या तंबूतळाभोवती ग्रिझली अस्वले येऊ नयेत म्हणून विजेच्या तारांचे कुंपण आहे. रात्री त्या कुंपणाच्या आत झोपायचे, खाण्याचा कणही तंबूत ठेवायचा नाही, दात घासायची पेस्टसुद्धा लोखंडी पेटीत बंद करायची, आणि मग मालगाडीचा लांबलचक भोंगा दरी भरून टाकतो तो ऐकत पडायचे. जंगल तारेच्या पलीकडे मोकळे असते आणि माणसे आत कोंडलेली. मला हे योग्यच वाटते. पाहुण्याने वेशीत राहावे, तसे आहे ते. आईला हा नियम समजावून सांगितला तेव्हा तिने फोडणीचा डबा उघडून हिंगाची डबी वेगळी काढली आणि अतिशय गंभीरपणे विचारले की, याचा वास अस्वलाला किती लांबून येत असेल. आम्ही ती डबी चार पिशव्यांत बांधून गाडीत ठेवली.

माझा स्वतःचा पहिला तंबू मात्र डोंगरांत नव्हता. कॅल्गरीला आलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पूर्वेकडे, ब्रुक्सच्या पुढे असलेल्या डायनोसॉर प्रांतिक उद्यानात गेलो. त्या रस्त्याने गव्हाची आणि पिवळ्या कॅनोलाची शेते आणि आभाळ यांखेरीज काहीही दिसत नाही आणि इथे उद्यान कसले असेल, असे वाटत असतानाच पायाखालची जमीन एकदम तुटते. खाली रेड डिअर नदीची दरी आहे. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचे, पावसाने कोरलेले मातीचे डोंगर आणि नदीकाठी जुन्या कॉटनवुड झाडांची हिरवी ओळ. त्या मातीतून सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरांची हाडे अजून वर येतात, आणि १९७९ पासून ते ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्ही उसना तंबू ओढ्याच्या काठी लावला होता. उष्मा सोलापूरच्या एप्रिलसारखा होता, डासांनी जीव नकोसा केला होता आणि कॉटनवुडचा कापूस हवेत इतका तरंगत होता की चहाच्या कपावर हात धरावा लागत होता. रात्री साडेदहापर्यंत उजेड रेंगाळला. मग अचानक समोरच्या कड्यावर कोल्ह्यांसारखे, पण कोल्ह्यांहून उंच आणि तुटक आवाज उठले. एका कायोटीने सुरुवात केली आणि दरीभर दहा जागांहून उत्तरे आली. माझ्या आणि त्या आवाजाच्या मध्ये फक्त एक पातळ कापड होते. परदेशात येऊन दीड वर्ष मी भिंतींच्या आत, हीटरच्या आवाजात, दुहेरी काचांमागे काढले होते. हा देश मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आला.

तेव्हापासून माझा ओढा माळाकडे आहे. लोक डोंगर गाठायच्या घाईत ताशी एकशे दहाच्या वेगाने जो माळ मागे टाकतात, त्याच माळात तंबूला खरा अर्थ आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. सायप्रस हिल्सच्या माथ्यावर, जो हिमयुगातही बर्फाच्या थराबाहेर राहिला, पाइनच्या सुयांवर झोपताना खालच्या सपाटीवरची वीज तासभर आधी दिसते. मिल्क नदीच्या काठी, जिथे ब्लॅकफूट या इथल्या मूळ रहिवाशांची खडकावरची कोरीव चित्रे आहेत, तिथे उन्हाने तापलेला वाळूचा दगड मध्यरात्रीपर्यंत पाठीला ऊब देतो. आणि सर्वांत दूर, सस्कॅचवनच्या दक्षिण सीमेला लागून असलेले ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान. पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा मला हुंदकाच आला, कारण समोर आमचा माळ होता. तसेच खुरटे गवत, तशीच लाटांसारखी उतरत गेलेली जमीन, तसाच सावलीचा अभाव. नान्नजच्या माळावर माळढोक जसा बोटावर मोजण्याइतका उरला, तसाच इथे सेज ग्राउस हा पक्षी उरला आहे. मुळापासून उपटलेल्या गोष्टींपैकी काही इथे परत आणल्या गेल्या: २००५च्या डिसेंबरात एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानातून ७१ बायसन, म्हणजे रानगव्यासारखी जनावरे, इथे आणले आणि पुढच्या वसंतात मोकळे सोडले. त्यांचा कळप दूरच्या उतारावर काळ्या ठिपक्यांसारखा सरकताना आम्ही चहा पीत पाहिला. माझ्या मुलाने मोजण्याचा प्रयत्न केला आणि चाळीसनंतर सोडून दिला.

आईच्या त्या दौऱ्यानंतरच्या सप्टेंबरात तिथेच, फ्रेंचमन नदीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला फिरताना, मुलाने गवतात बुडालेल्या दगडांचे एक वर्तुळ दाखवले. आधी मला ते दिसलेच नाही. सूर्य खाली आला, प्रत्येक दगडाची सावली लांबली आणि मग एकाएकी ते गोल उमटले: पाच-सहा पावलांचा व्यास, दगड निम्म्याहून अधिक जमिनीत रुतलेले, त्यांवर नारिंगी दगडफूल. त्याच्या पलीकडे दुसरे होते, आणि त्याच्या पुढे तिसरे. नाकोडा, क्री, ब्लॅकफूट अशा अनेक समाजांच्या वाटा या माळावरून गेल्या आहेत. यातले कुठले वर्तुळ कोणाचे, हे मी सांगू शकत नाही. पण ही घरे कशी असत, हे ठाऊक आहे. शंकूसारखे उभे केलेले खांब, त्यावर बायसनच्या शिवलेल्या कातड्यांचे आवरण आणि ते वाऱ्याने उचलले जाऊ नये म्हणून काठावर भोवती दगड. मुक्काम हलवताना कातडे ओढून घ्यायचे, खांब कुत्र्यांना आणि पुढच्या काळात घोड्यांना जुंपून न्यायचे, आणि दगड तेवढे तिथेच सोडून द्यायचे. दगड काही बरोबर नेत नाहीत. पुढच्या मुक्कामी ते मिळतातच, किंवा मागच्या खेपेचे तिथे असतातच. पुढे कापडी तंबू आणि लाकडी खुंट्या आल्या आणि वर्तुळे मांडणे थांबले. मी त्या वर्तुळाबाहेर उभी होते आणि पश्चिमेच्या अंगाला, जिकडून त्या क्षणीही वारा येत होता, दगड एकमेकांना खेटून मांडलेले पाहत होते. माझ्या आईने वॉटरटनला असेच मांडले होते.

तिला हे कोणी शिकवले होते? कोप्यांकडे कुंपणापलीकडून तीस वर्षे पाहिल्यामुळे ते तिच्या हातात उतरले होते, की वाऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या कोणत्याही बाईचा हात तसाच चालतो, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारते आहे.

त्या वर्तुळातली माणसे कुठे गेली, हा प्रश्न मात्र मी मनातल्या मनात ठेवू शकत नाही, कारण त्याचे उत्तर नोंदलेले आहे. आज मी जिथे राहते ती कॅल्गरी आणि मी जिथे तंबू ठोकते त्यांपैकी कितीतरी जागा ज्या कराराखाली आल्या, तो ब्लॅकफूट आणि इतर मूळ रहिवाशांचा ब्रिटिश राजसत्तेशी झालेला सातवा करार २२ सप्टेंबर १८७७ रोजी बो नदीकाठी ब्लॅकफूट क्रॉसिंग येथे झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत कॅनडाच्या माळावरचे बायसन जवळजवळ संपले. अन्न गेले, आणि घरावर घालायचे कातडेही गेले. १८८५ नंतर तर मूळ रहिवाशांना त्यांच्यासाठी राखीव ठेवलेल्या जमिनीबाहेर पाऊल टाकायला सरकारी अधिकाऱ्याची चिठ्ठी लागू लागली. अशी चिठ्ठी लागते असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते, तरी अनेक दशके ती मागितली गेली. ज्यांचे घर म्हणजेच तंबू होता, त्यांना तंबू हलवायची परवानगी मागावी लागली. आणि माझ्या गाडीच्या काचेला मी छापून घेतलेली परवानगी लावलेली असते, तिच्यावर माझे नाव, तारीख आणि जागेचा क्रमांक असतो. मला या आनंदाची लाज वाटते असे मी म्हणणार नाही, कारण आनंद खरा आहे. पण पावती काचेला चिकटवताना आता हात क्षणभर थांबतो, हेही खरे आहे. वॉटरटनला ब्लॅकफूट भाषेत पाहतोमाहक्सिकिमी म्हणतात, डोंगरांच्या आत असलेले तळे. आईने हे नाव माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतले होते आणि चौथ्यांदा माझ्यापेक्षा बरे उच्चारले होते.

ग्रासलँड्समध्ये फोन लागत नाही. दोन दिवसांनी घरी परतल्यावर मी वर्तुळाची छायाचित्रे आईला पाठवली आणि लगेच फोन केला. तिने चष्मा लावून खूप वेळ पाहिले. हे किती जुने असेल, कोणाचे असेल, यातले काहीच तिने विचारले नाही. ती म्हणाली, "दार कुठल्या अंगाला होतं गं?" मी सांगितले की, पूर्वेकडे असते, दगडांत तिथे एक मोकळी जागा सोडलेली दिसते. "म्हणजे सकाळचं ऊन थेट आत," ती समाधानाने म्हणाली, आणि मग काही वेळाने, "तुला आठवतं का, त्या सगळ्या कोप्यांचीही तोंडं उगवतीला असायची." मला आठवत नव्हते. मी त्या कोपीत शिरले होते, वास मला पाठ होता, बांगड्यांचे तुकडे मी गोळा केले होते. पण दार कोणत्या दिशेला आहे, हे मी पाहिले नव्हते.

२०२४च्या जुलैमध्ये डोंगरांतल्या जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात मोठा वणवा लागला. गाव आणि तंबूतळ मिळून सुमारे पंचवीस हजार माणसांना रातोरात बाहेर काढावे लागले, आणि गावातल्या जवळपास एकतृतीयांश इमारती जळाल्या. ऑगस्टमध्ये आमची तिथली जागा ठरलेली होती. ती रद्द झाल्यावर आम्ही दक्षिणेकडे वळलो आणि वॉटरटनला दोन रात्रींची जागा मिळाली. वणव्याच्या बातम्या ऐकत ऐकत दुसऱ्या वणव्याच्या खुणांमध्ये जाऊन राहणे जड गेले. २०१७च्या सप्टेंबरात केनो नावाच्या वणव्याने या उद्यानाची सुमारे १९ हजार हेक्टर जमीन भाजून काढली होती; गाव वाचले, पण डोंगराच्या कुशीतला क्रँडेलचा तंबूतळ जळाला. उतारांवर अजून काळ्या-करड्या खोडांचे रान उभे आहे आणि त्याच्या पायाशी गुलाबी फुलांचे फायरवीड कमरेइतके वाढले आहे. टेकाडावरचे १९२७चे लाकडी हॉटेल तसेच आहे. बांधकाम चालू असताना वाऱ्याने ते जागेवरून काही इंच सरकले होते, असे इथे सांगतात. या वेळी आम्ही लांब पोलादी खुंट्या नेल्या होत्या, आणि नवऱ्याने त्या गोट्यांमधून तिरक्या ठोकून हातभर खोल बसवल्या.

तंबू उभा राहिल्यावर मी काठावर गेले. दोन हिवाळ्यांचे बर्फ, दोन वसंतांचे चढलेले पाणी यांनंतर तो दगड सापडेल, असे मला खरोखर वाटत नव्हते, तरी मी शोधला. तांबडा होता, एका अंगाला पांढरी रेघ होती आणि दोन्ही हातांत मावेल एवढा. तशा रेघेचे मला निदान वीस दगड दिसले. एक-दोन उचलून पाहिले. खालची बाजू ओली, गार, आणि खळग्यात बारीक किडे पळालेले. मी ते आईसारखेच, ओली बाजू खाली करून, परत बसवले. तेवढ्यात पाण्यावर काळपट सुरकुत्या पडू लागल्या आणि तळ्याच्या त्या टोकाकडून ओळखीचा आवाज आला.

मी तंबूकडे धावले तेव्हा फोन वाजत होता. सोलापूरला भल्या पहाटेची वेळ होती. आई उठून चहा करत होती. "पोचलात का? वारा आहे का?" तिने विचारले. मी काही सांगितले नाही. तंबूच्या आत शिरून, फुगून आत-बाहेर होणाऱ्या कापडाला फोन टेकवून धरला, आणि ती पलीकडे कितीतरी वेळ ऐकत राहिली.